जिल्ह्याचा मुलींचा बुद्धिबळ संघ: चार बोर्ड, एक राखीव. सुरुवात कुठून करायची?

खानापूर_क्रीडा

नमस्कार मंडळी. १५ वर्षांखालील मुलींचा बेळगाव जिल्ह्याचा संघ उभा करायची जबाबदारी आली आहे. पत्रक बुद्धिबळ संघटनेचं आणि कन्नडमधून आहे, त्याचा मतलब असा: आंतरजिल्हा सांघिक स्पर्धा, चार बोर्ड (एका वेळी चार मुली, ठरलेल्या क्रमाने) आणि एक राखीव, स्विस पद्धतीने (कुणी बाद होत नाही, साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घालतात) सहा फेऱ्या, वेळ ६०+३० (प्रत्येकीला ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद जादा), क्रमवारी सामन्याच्या गुणांवर (जिंकला तर २, बरोबरी १). ठिकाण बेंगळूर. हातात सात आठवडे आहेत.

नावं पंचवीसेक आली आहेत. बेळगाव शहरातल्या क्लासच्या मुली आहेत, चार-पाच जणींना फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) रेटिंग आहे. निपाणी-चिकोडीकडच्या काही आहेत. आणि जांबोटी, कणकुंबी भागातल्या मराठी शाळेतल्या सहा मुली आहेत, ज्या पटावर चांगल्या खेळतात पण घड्याळ लावून कधी खेळलेल्या नाहीत.

विचारायचंय ते असं. निवड कशी केली तर नंतर पालकांची भांडणं लागणार नाहीत? बोर्डांचा क्रम कसा लावायचा? निपाणीच्या मुली घेता येतात का? कागदपत्रं काय काय लागतात? आणि घड्याळाची सवय नसलेल्या मुलींना सात आठवड्यांत तयार करता येईल का, की त्यांना उगाच आशा लावू नये?

निपाणी_वेस

सर, आधी निपाणीचं सांगतो, कारण दरवर्षी इथेच घोळ होतो.

शिक्षण खात्याच्या शालेय स्पर्धा असतील तर आपल्या एका महसुली जिल्ह्याचे दोन शैक्षणिक जिल्हे होतात. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, सौंदत्ती, रामदुर्ग एका बाजूला. चिकोडी, निपाणी, अथणी, कागवाड, रायबाग, हुक्केरी, गोकाक, मुडलगी दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे वेगळे उपसंचालक, वेगळा संघ. तिथे निपाणीची मुलगी बेळगावच्या संघात बसवली तर पहिल्याच तपासणीत बाहेर. तुमचं पत्रक संघटनेचं आहे म्हणताय, म्हणजे महसुली जिल्हा धरला असणार आणि निपाणी चालेल. तरी पत्रकातली जिल्ह्याची व्याख्या लेखी विचारून घ्या. फोनवर ‘चालतंय की’ म्हणून सांगितलेलं तपासणीच्या टेबलावर कोण मानत नाही.

दुसरं, हद्दीचं. चंदगड, गडहिंग्लज भागातल्या काही मुली बेळगावच्या शाळांत शिकतात. शालेय स्पर्धेत शाळा कुठली ते बघतात. संघटनेच्या स्पर्धेत खेळाडूची नोंद कुठल्या राज्याकडे आहे ते बघतात. महाराष्ट्राकडून नोंद असेल तर ती कर्नाटकाच्या जिल्ह्याकडून उतरू शकत नाही, आधी राज्यबदलाची परवानगी लागते आणि सात आठवड्यांत ती मिळेल म्हणून धरून चालू नका. उलट निपाणीच्या मुली कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीच्या खुल्या स्पर्धा खेळून आल्या असतील तर त्यात काही अडचण नाही. खुली स्पर्धा कुणीही खेळू शकतं, तिथे राज्याचा प्रश्न येत नाही.

टिळकवाडी_चौकट

निवडीबद्दल. पंचवीस मुलींची एकच स्विस घेऊन वरच्या पाच उचलू नका. स्विस पहिला नंबर बऱ्यापैकी खरा सांगते, पण चौथा, पाचवा, सहावा कोण यात नशिबाचा भाग मोठा असतो. शेवटच्या फेरीत कुणाला कोण लागली यावर अर्धा गुण इकडचा तिकडे होतो. आणि तुमची भांडणं नेमकी चौथ्या-पाचव्या जागेवरच होणार.

दोन टप्पे करा. पहिला टप्पा स्विस, सहा फेऱ्या, १५+१०, एका रविवारी उरकतो. त्यातून आठ मुली. दुसरा टप्पा त्या आठ जणींची साखळी, प्रत्येकीचा प्रत्येकीशी एक डाव: सात फेऱ्या, अठ्ठावीस डाव, चार पट आणि चार घड्याळं पुरतात. २५+१० ठेवलं तर साठ चालींचा डाव जास्तीत जास्त सत्तर मिनिटं जातो, म्हणजे फेरीला दीड तास धरा. पहिल्या रविवारी चार फेऱ्या, दुसऱ्या रविवारी तीन. सकाळी साडेनऊला सुरू केलं तर जेवण धरून साडेचारपर्यंत मोकळे होता. कणकुंबीकडच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा आणि मग फेऱ्यांची वेळ लावा, उलटं नको.

एक मात्र लक्षात घ्या. प्रत्यक्ष स्पर्धा ६०+३० ची आहे आणि निवड २५+१० ची. झटपट खेळणारी मुलगी इथे चमकते आणि तिथे पन्नास मिनिटं शिल्लक ठेवून वजीर घालवते. म्हणून साखळीत दर दहा चालींनी शिल्लक वेळ डावपत्रकावर लिहायला लावा. वीस चालींनंतर जिच्याकडे जवळपास पूर्ण वेळ शिल्लक असतो, ती विचार करत नाही एवढं कळतं. वेळ काढता आला तर साखळीतल्या शेवटच्या दोन फेऱ्या ६०+३० नेच घ्या, तीन-तीन तास लागतील पण चित्र खरं दिसेल.

भांडणं टाळायची तर हे सगळं पहिल्या फेरीआधी कागदावर लिहा आणि पालकांच्या सह्या घ्या:
– समान गुण झाले तर आधी आपसातला डाव, मग सोनबॉर्न-बर्गर (जिला हरवलं तिचे पूर्ण गुण आणि जिच्याशी बरोबरी झाली तिचे निम्मे गुण यांची बेरीज), मग जिंकलेल्या डावांची संख्या;
– पाचव्या जागेसाठी तरीही बरोबरी राहिली तर १०+५ चे दोन डाव;
– गैरहजर राहिली तर त्या फेरीचा शून्य, कारण काहीही असो.

एका शाळेच्या किंवा एका क्लासच्या मुलींचे आपसातले डाव साखळीच्या पहिल्या फेऱ्यांतच संपवा. शेवटच्या फेरीत दोन मैत्रिणी समोरासमोर आल्या आणि एकीलाच गुणाची गरज असली की डाव कसा संपतो ते सांगायला नको.

रेटिंगचं काय करायचं म्हणाल तर त्याला थेट जागा देऊ नका. मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगचा तळ १४०० केला आहे. त्यामुळे १४२० आणि १४८० यांत फार फरक मानायचं कारण नाही, आणि बिनरेटिंगची मुलगी १४५० वालीला सहज हरवते. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलींचं रेटिंग चाळीसच्या गुणकाने हलतं, एका स्पर्धेत साठ-सत्तर वर-खाली होतं. शिवाय क्लासिकल (लांब डाव), रॅपिड (जलद), ब्लिट्झ (अतिजलद) ही तीन वेगळी रेटिंगं आहेत. पालक जे मोठं असेल ते सांगतात.

पंच६४

जांबोटीच्या मुलींबद्दल: जरूर घ्या. घड्याळाची सवय तीन आठवड्यांत लागते. पण त्यांना कुणी, कुठल्या नियमांनी खेळ शिकवला ते पहिल्या दिवशीच तपासा. आजोबांकडून शिकलेल्या मुलींच्या डोक्यात देशी नियम असतात: प्यादं ज्या घराच्या रांगेत पोचलं तेच मोहरं मिळतं, राजाला एकदा घोड्याची उडी, कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) नाही, एन पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारणं) नाही. प्यादं शेवटच्या घरात गेलं की पहिला वजीर पटावर असतानाही दुसरा वजीर घेता येतो, हे त्यांच्याकडून दहा वेळा करून घ्या. पटाबरोबर जादा वजीर ठेवा.

मुली गुण कुठे घालवतात ते सांगतो. चाल न सुचणं हे त्यातलं थोडंच असतं.

प्यादं शेवटच्या घरात ठेवलं आणि मोहरं न बदलताच घड्याळ दाबलं: ही नियमबाह्य चाल धरली जाते. पहिल्या नियमबाह्य चालीला समोरच्याला दोन मिनिटं जादा, दुसरीला डाव गेला. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचं, ती मुभा आहे. हत्ती उलटा ठेवून ‘वजीर’ म्हणायची घरची सवय असेल तर मोडा. उलटा असला तरी तो हत्तीच धरतात.

कॅसलिंग एकाच हाताने आणि आधी राजा. आधी हत्तीला हात लावला तर शिवलेलं मोहरं हलवावं लागतं, हत्तीचीच चाल करावी लागते. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. मोहरं नुसतं घरात नीट बसवायचं असेल तर आपली पाळी असताना आधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं आणि मगच हात लावायचा. नंतर म्हटलेलं चालत नाही.

डाव लिहिणं. बऱ्याच मुलींना क्लासमध्ये सांगितलेलं असतं की शेवटची पाच मिनिटं राहिली की लिहिणं बंद केलं तरी चालतं. ते चालीमागे तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ वाढत असेल तरच. तुमची स्पर्धा ६०+३० आहे, म्हणजे शेवटच्या चालीपर्यंत लिहायचं. घोड्यासाठी एन, के नाही. एकाच पटावर राजा आणि घोडा दोघांना के लिहिलेलं पत्रक पुढे दाव्याच्या वेळी काही कामाचं राहत नाही.

आणि बरोबरीचा दावा करायचा कसा हे बहुतेकींना येत नाही. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर आपली चाल पत्रकावर लिहायची, पटावर खेळायची नाही, घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचं. आधी खेळून मग हात वर केला की दावा गेला. दावा चुकीचा निघाला तर समोरच्या मुलीला दोन मिनिटं मिळतात, म्हणून ‘बघूया तरी’ म्हणून करू नका. बरोबरी सुचवायची तर चाल खेळल्यावर आणि घड्याळ दाबण्याआधी.

मोबाईल आणि स्मार्ट घड्याळ खेळाच्या दालनात नेऊच नये, बंद करूनही नाही. अंगावर सापडलं तर डाव जातो.

सरावासाठी घड्याळं नसतील तर शहरातल्या क्लासकडून चार मागून आणा. मोबाईलवरचं घड्याळ सुरुवातीला चालेल, पण खरं बटण दाबायची सवय निदान शेवटचे तीन आठवडे पाहिजेच.

खानापूर_क्रीडा

सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं मिळेल वाटलं नव्हतं. बोर्डांच्या क्रमाचं आणि राखीवचं कुणी सांगेल का? दोन पालक आत्तापासून ‘आमची पहिल्या बोर्डवर पाहिजे’ म्हणून मागे लागूलेत. आणि राखीव मुलीला एखादी तरी फेरी द्यायलाच पाहिजे असं एक जण म्हणूलेत.

टिळकवाडी_चौकट

क्रम एकदा दिला की स्पर्धा संपेपर्यंत बदलत नाही. आधी पत्रकात बघा, काही ठिकाणी रेटिंगच्या उतरत्या क्रमानेच लावावं लागतं. मोकळीक असेल तर सरळ ताकदीने लावा. पहिल्या बोर्डवर मुद्दाम कमजोर मुलगी बळी द्यायची आणि खालचे तीन जिंकायचे, ही युक्ती कागदावर छान दिसते. सहा फेऱ्या रोज मार खाणाऱ्या मुलीचं काय होतं ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावर दिसतं.

पण पहिला बोर्ड म्हणजे मान आणि चौथा म्हणजे कमीपणा, हे पालकांच्या डोक्यातून काढा. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिलांनी सुवर्ण घेतलं, त्यात नागपूरची दिव्या देशमुख तिसऱ्या बोर्डवर होती आणि वंतिका अगरवाल चौथ्या. दोघींनाही आपापल्या बोर्डचं वैयक्तिक सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी दिव्याने महिला विश्वचषक जिंकला. जिल्हा पातळीवर तर पहिल्या बोर्डवर सगळ्यांकडे एकेक चांगली मुलगी असते, तिथे डाव अटीतटीचे होतात. तिसऱ्या-चौथ्यावर बहुतेक जिल्ह्यांकडे भरतीच्या मुली असतात. सामने तिथे सुटतात. म्हणून सरावाचा जास्त वेळ तिसरी, चौथी आणि राखीव यांच्यावर घाला.

आता राखीव. ती नेहमी चौथ्या बोर्डवर येते आणि बाकीच्या वर सरकतात. यात रंगाची भानगड आहे. समजा आपल्याला पहिल्या बोर्डवर पांढरी आहेत: पहिली पांढरी, दुसरी काळी, तिसरी पांढरी, चौथी काळी. दुसऱ्या मुलीला विश्रांती दिली की तिसरी दुसऱ्यावर जाते आणि तिला काळी मिळतात, चौथी तिसऱ्यावर जाते आणि तिला पांढरी मिळतात. सकाळी पांढऱ्यांची तयारी करून बसलेल्या मुलीला ऐन वेळी काळी खेळायला लावलं की ती गोंधळते. चौथीला विश्रांती दिली तर कुणाचाच रंग बदलत नाही. म्हणजे विश्रांती जितक्या वरच्या बोर्डला, तितका संघ जास्त हलतो. बदल आदल्या रात्री ठरवा, आणि कुणाला कुठला रंग ते प्रत्येकीला तेव्हाच सांगा.

संघाचा कागद ठरल्या वेळेत द्यायचा आणि त्यावर क्रम चुकवायचा नाही. चुकीच्या बोर्डवर बसलेल्या मुलींचे डाव हरलेले धरतात, पटावर जिंकले असले तरी.

राखीवला एक फेरी द्याच. मन राखायला म्हणून नाही. पाचव्या फेरीला कुणाला ताप आला आणि तोवर राखीव एकही डाव खेळलेली नसली, तर ती थंड हाताने बसते. दुसऱ्या फेरीत, तुलनेने हलक्या संघाविरुद्ध, चौथ्या बोर्डवर बसवा.

तयारीत ओपनिंगच्या पुस्तकात शिरू नका. पांढऱ्यांनी एक, काळ्यांनी ई४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं) विरुद्ध एक आणि डी४ (वजिरासमोरचं) विरुद्ध एक, पहिल्या आठ-दहा चाली आणि त्यामागची कारणं, एवढं बस्स. बाकी वेळ: रोज वीस डावपेचांची कोडी, राजा-प्याद्याचे शेवट, हत्तीच्या शेवटात लुसेना (प्यादं जास्त असताना जिंकायची ठराविक स्थिती) आणि फिलिडोर (प्यादं कमी असताना बरोबरी राखायची). या वयात बरेच डाव एक प्यादं जास्त असून जिंकता न आल्यामुळे बरोबरीत जातात. आठवड्यातून एकदा मुलग्यांशी ६०+३० चा पूर्ण डाव खेळवा. खुल्या गटात मुलींना खेळता येतं हे पालकांना माहीत नसतं. सरावाला एखादी खुली स्पर्धा मिळाली तर मुलींच्या गटाऐवजी तिथे नाव घाला.

शहापूर_ताई

कागदपत्रांचं आणि प्रवासाचं मी सांगते, हे पुरुष मंडळी शेवटी बघतात.

प्रत्येकीची एक पारदर्शक फाईल करा: जन्मदाखला, आधार, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा बोनाफाईड (शालेय स्पर्धा असेल तर त्यावर एसएटीएस, म्हणजे कर्नाटकातला विद्यार्थी-नोंदणी क्रमांक हवाच), पासपोर्ट फोटो चार, चालू वर्षाची खेळाडू नोंदणी, फिडे क्रमांक असेल तर तो, पालकांचं संमतीपत्र. मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स. वय १ जानेवारीला मोजतात, म्हणजे त्या दिवशी पंधरा पूर्ण झालेली मुलगी चालत नाही. मे महिन्यात वाढदिवस आहे म्हणून घाबरू नका.

नावाचं स्पेलिंग हा आपल्याकडचा खास रोग आहे. शाळेच्या दप्तरी कन्नडवरून इंग्रजीत उतरलेलं एक, आधारवर दुसरं, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधेच गाळलेलं तिसरं. सगळं याच आठवड्यात ताडून बघा, आधारची दुरुस्ती सात आठवड्यांत होऊ शकते, सात दिवसांत नाही. जन्मदाखल्यावर नोंदणीची तारीखही बघा. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी नोंद केलेली असेल तर आयोजकांना आधीच दाखवून मान्य आहे का ते लेखी घ्या.

सरावासाठी येणं-जाणं: जांबोटी, खानापूरहून बेळगावला साध्या सरकारी बसने शक्ती योजनेत मुलींना तिकिटाचे पैसे लागत नाहीत, पण कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ पाहिजे. आधार घरी ठेवून आलेल्या मुलीला कंडक्टर पूर्ण तिकीट फाडतो आणि त्याचं बरोबर आहे. शून्य रकमेची तिकिटंही जपून ठेवा, हिशेबाला लागतात.

फुकट आहे म्हणून बेंगळूरलाही बसने नेऊ नका. शक्तीमध्ये राजहंस, स्लीपर अशा आरामबस येत नाहीत, म्हणजे पाचशे किलोमीटर बसून प्रवास. रात्रभर बसून गेलेली मुलगी सकाळी दहाला तीन तासांचा डाव खेळू शकत नाही. राणी चन्नम्मा रेल्वेचं स्लीपर काढा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्यासाठी ते उघडलेलंच आहे, आज काढा. राखीव धरून पाच मुली, एक बाई व्यवस्थापक, एक प्रशिक्षक: सात तिकिटं, सगळी एका डब्यात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी पोचेल असं बघा.

मुलींच्या संघाबरोबर बाई व्यवस्थापक हवीच, पत्रकात लिहिलेलं नसलं तरी. तिच्याकडे सॅनिटरी पॅड, ताप-पोटदुखीची औषधं (आणि कुठल्या मुलीला काय चालत नाही त्याची पालकांकडून लिहून घेतलेली चिठ्ठी), जादा पेनं. पाळीच्या दिवसांत डाव असेल तर काय करायचं हे मुलींशी आधी उघड बोला. स्वच्छतागृहात जाता येतं, पण आपली चाल चालू असताना पंचांना विचारून जायचं आणि घड्याळ चालूच राहतं. हे माहीत नसल्याने मुली पाणी पिणं सोडतात, तिसऱ्या तासाला डोकं दुखायला लागतं.

तारखा लावताना दोन गोष्टी. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर पश्चिम भागात पावसाने शाळांना सुट्टी आणि बस बंद, दोन्ही होतं, तेव्हा त्या मुलींची राहायची सोय बेळगावातच कुणाकडे तरी करा. आणि गणपतीत निवड ठेवू नका. कुणी येणार नाही.

खानापूर_क्रीडा

ताई, तिकिटांचं आजच बघतो. शेवटचं एक: कप्तान म्हणून मला दालनात बसता येईल. डाव चालू असताना मुलींशी काय बोलता येतं?

पंच६४

जवळजवळ काहीच नाही. मुलीला बरोबरीचा प्रस्ताव आला आणि तिने विचारलं, ‘घेऊ का?’ तर ‘हो’, ‘नको’ किंवा ‘तू ठरव’. तुम्ही स्वतःहून ‘बरोबरी सुचव’ किंवा ‘डाव सोड’ एवढं सांगू शकता. स्थितीबद्दल, वेळेबद्दल, दुसऱ्या बोर्डाबद्दल अवाक्षर नाही. शक्यतो पंचाला जवळ बोलवून बोला. आणि मराठीत बोलू नका. तिथल्या पंचाला मराठी कळेलच असं नाही, आणि न कळणाऱ्या भाषेतलं एक वाक्यसुद्धा समोरच्या कप्तानाच्या तक्रारीला पुरतं. मुलींशी आधीच ठरवून ठेवा: ‘ड्रॉ?’ ‘येस’, ‘नो’, ‘यू डिसाइड’. तेवढंच.

सामन्याच्या गुणांची स्पर्धा आहे, म्हणजे अडीच-दीड आणि चार-शून्य सारखंच. दोन-एकने पुढे असताना शेवटच्या बोर्डवर बरोबरीचा प्रस्ताव आला आणि मुलीने विचारलं तर ‘येस’ म्हणा, ती जिंकत असली तरी. हे तिला आधी समजावून ठेवा, नाहीतर अडीच-दीडने जिंकलेल्या सामन्यानंतर रडणारी मुलगी तुमच्याकडे येईल. समान गुण झाल्यावर पटावरचे गुण मोजतात का ते मात्र पत्रकात बघा. मोजत असतील तर शेवटच्या दोन फेऱ्यांत हा हिशेब बदलतो.

डाव संपला की दोघींच्या सह्या दोन्ही पत्रकांवर झाल्या का आणि निकाल बरोबर लिहिलाय का ते बघूनच मुलीला उठू द्या.